हिवाळ्यापूर्वी वाहनाची निगा

दसऱ्यास आपण वाहनाची पूजा करतो. त्या दिवशी गाडी धुतली जाते, झेंडूची माळ चढते, हळदकुंकू वाहिले जाते. परंतु ते धुणे बहुधा दृष्टीस पडेल तेवढ्याच भागाचे असते. चार महिन्यांच्या पावसात गाडीच्या पोटाशी, मडगार्डच्या आत व दारांच्या तळाशी जो चिखल साठतो, तो तसाच राहतो. वाहनाचे खरे नुकसान तोच करतो. ही गोष्ट आमच्या सभासद बंधूंच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या ध्यानी यावी, म्हणून हे चार शब्द.

आपला बालाघाट जिल्हा धानाचा. 2021 साली भौगोलिक मानांकन मिळालेला चिन्नोर तांदूळ याच मातीतला. कार्तिकात धानाची आवक सुरू झाली की वारासिवनी, कटंगी, लालबर्रा, लांजी या वाटांवर मालगाड्यांस उसंत नसते. नेमक्या त्याच सुमारास दवही पडू लागते. यास्तव हस्ताचा पाऊस ओसरल्यावर व धानाची घाई होण्यापूर्वी जे दिवस मिळतात, तीच या कामाची योग्य वेळ होय.

गंज चढण्यास लोखंडाबरोबर पाणी व प्राणवायू दोन्ही लागतात. कोरडा चिखल फारसा बाधत नाही. पण निरभ्र रात्री पत्रा भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतो, त्यावर दव जमते आणि चिखल ते शोषून धरतो. वरचा भाग उन्हाने लवकर वाळतो, खालचा मात्र दीर्घकाळ ओला राहतो. म्हणून आरंभ खालून करावा. चिखल आधी भिजवून मऊ करावा, मग नळीच्या पाण्याने व ब्रशने काढावा. दारांच्या तळाशी निचऱ्याची बारीक भोके असतात, ती काडीने मोकळी करावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणासही जाऊ देऊ नये.

नंतर वरचा भाग सावलीत धुवावा. भरवेलीच्या खाणीकडील धूळ कोरड्या फडक्याने पुसल्यास रंगावर ओरखडे पडतात. आधी भरपूर पाणी सोडावे. भांड्यांच्या साबणाने पॉलिशचे मेण निघून जाते, म्हणून गाडीसाठीचाच साबण घ्यावा. इंजिनवर जोराची धार मारू नये. तेथील विजेच्या जोडण्यांत पाणी शिरते.

आतील साफसफाईचे महत्त्व धान्याच्या व्यापाऱ्यास अधिक. आसनाखाली सांडलेले दाणे व कोंडा उंदरांस बोलावतात आणि उंदीर तारा कुरतडतात. पायपुसणी व गाद्या बाहेर काढून कडक उन्हात वाळवाव्यात. कोपऱ्यांत कोळी वा मुंग्या आढळल्यास त्यांस मऊ कुंचीने हलकेच बाजूस करावे, हे आपल्या घरी निराळे सांगावयास नको.

गाडी पूर्ण वाळल्यावरच संरक्षणाकडे वळावे. ओलीवर दिलेला लेप गंज झाकतो, थांबवीत नाही. गंजलेली जागा पॉलिश पेपरने घासून, प्रायमर देऊन रंगवावी. रंगावर मेणाचा पातळ हात द्यावा. खालच्या बाजूस गंजरोधक लेप द्यावा, मात्र सायलेन्सर व ब्रेक यांस तो लागू नये. जुने इंजिन ऑइल फासण्याची रीत आढळते, ती सोडावी. त्याने रबरी भाग फुगून खराब होतात आणि ते गळून जमिनीत मुरते.

थंडीत बॅटरीची शक्ती घटते आणि गार इंजिन फिरविण्यास जोर अधिक लागतो. बॅटरीच्या टोकांवर साचलेला पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने काढून, कोरडे करून व्हॅसलिन लावावे. तारा सोडविताना ऋण टोक प्रथम सोडावे. काच आतूनही पुसावी. आतील चिकट थरावर समोरच्या दिव्यांचा प्रकाश पसरतो आणि धुक्यात वाट दिसेनाशी होते. बैहरच्या घाटात पहाटे उतरणाऱ्या चालकाचे प्राण या काचेवर, दिव्यांवर व ब्रेकवर अवलंबून असतात. ब्रेक जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावेत.

शेवटी एक विनंती. वैनगंगेच्या पात्रात गाडी उतरवून धुण्याचा मोह टाळावा. चाकांच्या बेअरिंगमध्ये पाणी व वाळू शिरते हे तर खरेच. पण गाडीचे तेल व ग्रीस ज्या पाण्यात मिसळते, तेच पाणी पुढे कोणाच्या तरी पिण्यात येते. आपल्या अंगणात काही बादल्यांत हे काम उत्तम होते.

या सर्वांस एक-दोन दिवस व थोडा खर्च लागतो. आपण गोदामातील पोती ओलीपासून जपतो. ती वाहून नेणाऱ्या गाडीची व तिच्या चालकाचीही तितकीच काळजी घ्यावी, एवढेच आमचे सांगणे.