वाघाचा डॉक्टर व्हायचंय? आधी गाई-म्हशींचा व्हावं लागतं

बारावी सायन्सच्या मुलांशी करिअरबद्दल बोलताना 'वाइल्डलाइफ डॉक्टर' हा शब्द हल्ली हमखास येतो. बिबट्याच्या रेस्क्यूचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असतात. त्यासाठी वेगळी पदवी लागत नाही, हे मात्र फारच थोड्यांना माहीत असतं. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. करायचं, साडेपाच वर्षं, त्यातलं एक वर्ष इंटर्नशिप. शिकायचं ते मुख्यतः गाय, म्हैस, शेळी, कुत्रा, कोंबडी. वन्यप्राण्यांचं खास ज्ञान नंतर, एम.व्ही.एस्सी.ला किंवा प्रत्यक्ष कामावर. नागपूरच्या गोरेवाड्यात 'माफसू'चं, म्हणजे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं, वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे.

कामाचं स्वरूप नीट समजून घ्या. विहिरीत किंवा वस्तीत बिबट्या अडकला, तरी डॉक्टर मनाने बंदूक उचलू शकत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. मग प्राण्याच्या वजनाचा अंदाज, तोही लांबून, नजरेने. त्यावर झायलाझिन आणि केटामाइनचा डोस ठरतो. कमी पडला तर अर्धवट गुंगीतला प्राणी अंगावर येतो, जास्त झाला तर श्वास थांबू शकतो. डार्ट लागल्यावर काही मिनिटं शांतता हवी, कारण बिथरलेल्या प्राण्यावर औषध नीट चढत नाही. आणि आपल्याकडे नेमकी तेव्हाच शेकडो माणसं मोबाइल घेऊन ओरडत असतात! प्राणी पडल्यावर डोळे झाकायचे, तापमान आणि श्वास मोजत राहायचं, गुंगी उतरवायचं इंजेक्शन तयार ठेवायचं. जुन्नर भागात ऊसतोडीत सापडलेली बिबट्याची पिल्लं तपासून पुन्हा त्याच जागी ठेवतात, रात्री आई येऊन नेते. इथे डॉक्टरचं कौशल्य कमीत कमी हात लावण्यात आहे.

प्राणीसंग्रहालयात नाट्य आणखी कमी. विष्ठा तपासणं, जंताचं औषध, आहार, नव्या प्राण्याला वेगळं ठेवणं, नोंदवही.

आणि शवविच्छेदन. वाघ मेला की राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे ते करायचं, अवयवांचे नमुने प्रयोगशाळेला पाठवायचे, मग सर्वांसमक्ष देह जाळायचा. विषप्रयोग की शिकार की आजार, हे त्या अहवालावर ठरतं. कोर्टात साक्षही द्यावी लागते.

इथे आपल्या घरांतून एक प्रश्न येतोच : "बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढणं सोडायला लावलं, आणि पोरगं शिकून तेच करणार?" आजीच्या तोंडून तो आला तर तिच्यावर चिडू नका. त्यामागे सोसलेला इतिहास आहे. पण ते काम जन्माने लादलेलं होतं, नकाराचा हक्क नव्हता. हे पदवीने मिळतं, पगार असतो, आणि डॉक्टरच्या सहीला कायद्यात वजन असतं. माझ्या मते या दोन गोष्टी एक मानणं म्हणजे जातीचंच गणित पुन्हा मान्य करणं.

नोकरीचं मात्र खरं सांगायला हवं. वन विभागातले अनेक डॉक्टर पशुसंवर्धन विभागातून प्रतिनियुक्तीवर येतात किंवा कंत्राटी असतात. कंत्राट संपलं की पुढे काय, याचं उत्तर घरातून पैसा नसलेल्या मुलाला आधीच शोधून ठेवावं लागतं. म्हणून एमपीएससीची पशुधन विकास अधिकारी, गट-अ ही परीक्षा डोळ्यासमोर ठेवा. कायम नोकरी हातात असली की जंगलाकडे जाण्याची जोखीम घेता येते.

प्रवेश नीटच्या गुणांवर होतो, पण 'माफसू'चा अर्ज स्वतंत्र भरावा लागतो. एमबीबीएसच्या यादीकडे डोळे लावून बसलेल्यांची ही तारीख निघून जाते. जात वैधता प्रमाणपत्राचं प्रकरण अकरावीतच दाखल करा. फीसाठी महाडीबीटीवर भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे. सरकारी वसतिगृह मिळालं नाही, तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या स्वाधार योजनेचा अर्ज समाजकल्याणच्या जिल्हा कार्यालयात विचारा.