फोमची गादी: कडकपणा वेगळा, दर्जा वेगळा

गादी घ्यायला गेलेला माणूस ती आधी तळहाताने दाबून पाहतो. हात आत गेला की गादी मऊ, म्हणजे कमअस्सल. हात अडला की कडक, म्हणजे टिकाऊ आणि पाठीला बरी, असा हिशेब मनात होऊन जातो. फोमच्या गादीबद्दलचे बहुतेक गैरसमज या एका हिशेबातून निघतात. महिन्याच्या खर्चातून सहा-सात हजार रुपये बाजूला काढून गादी घेणाऱ्या घराला तो महागात पडतो, कारण चुकलेली गादी लगेच बदलता येत नाही, पुढची आठ-दहा वर्षे तिच्यावरच झोपावे लागते. म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करायला हवी. गादी कडक असणे आणि ती चांगल्या फोमची असणे या दोन स्वतंत्र बाबी आहेत. पहिली बाब झोपणाऱ्याच्या वजनावर आणि झोपण्याच्या पद्धतीवर ठरवायची, दुसरी फोमच्या घनतेवर. हे दोन प्रश्न वेगळे केले, की मध्यम किमतीत योग्य गादी मिळणे अवघड राहत नाही.

दुकानदार ज्याला ‘बत्तीस डेन्सिटी’ किंवा ‘चाळीस डेन्सिटी’ म्हणतात, ते एक घनमीटर फोमचे किलोग्रॅममधले वजन असते. घनता जास्त म्हणजे तेवढ्याच जागेत पॉलियुरेथेन जास्त आणि हवा कमी, आणि असा फोम रोजच्या दाबाखाली उशिरा थकतो. कडकपणा मात्र निराळ्या रीतीने मोजतात. ठरावीक आकाराची चकती फोममध्ये ठरावीक खोलीपर्यंत दाबायला किती बळ लागते, ते प्रयोगशाळेत पाहतात. कारखान्यात रसायनांचे प्रमाण बदलून एकाच घनतेचा फोम मऊही बनवता येतो आणि कडकही. त्यामुळे वीसेक घनतेचा हलका फोम दुकानात हाताला ताठ लागू शकतो आणि वर्षा-दोन वर्षांत त्याला कमरेखाली खड्डा पडू शकतो. उलट चाळीस घनतेचा फोम हाताला मऊ लागूनही बरीच वर्षे आपला आकार धरून ठेवू शकतो. तळहात कडकपणाचा अंदाज देतो, आयुष्याचा नाही. आणि कडकपणाचाही तो अर्धवटच अंदाज असतो, कारण हात दाबतो फक्त वरचा थर, तर शरीर पूर्ण गादी दाबते. चांगल्या फोमचा गुण असा की तो सुरुवातीला सहज दबतो, पण जसजसा खोल दबतो तसतसा जास्त विरोध करतो. एचआर नावाने विकला जाणारा फोम या बाबतीत साध्या पीयू (पॉलियुरेथेन) फोमपेक्षा सरस असतो, म्हणूनच तो वरून मऊ वाटला तरी कमरेला आधार देतो.

घनता विचारली की पुष्कळदा उत्तर मिळत नाही, किंवा मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवावा असे वाटत नाही. अशा वेळी गादीचे वजन विचारावे. ७२ बाय ३६ इंचांच्या, सहा इंच जाडीच्या एकेरी गादीत जवळपास पाव घनमीटर फोम बसतो. सगळा फोम ३२ घनतेचा असेल, तर त्याचे वजन साधारण सव्वाआठ किलो भरते, ४० घनतेचा असेल तर सव्वादहा. खोळीचे किलो-दीड किलो वेगळे. ७८ बाय ७२ इंचांच्या दुहेरी गादीसाठी हेच आकडे अनुक्रमे पावणेअठरा आणि बावीस किलो होतात. ‘चाळीस डेन्सिटी’ म्हणून दाखवलेली सहा इंची एकेरी गादी खोळीसकट आठ किलोच भरत असेल, तर दावा आणि वस्तू यांचा मेळ बसत नाही. ऑनलाइन विक्रीतही वस्तूचे वजन बहुधा दिलेले असते, त्यामुळे हा ताळा घरबसल्या जमतो.

वजन फसवेही असू शकते, हा आक्षेप खरा आहे. फोममध्ये कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूसारखी भुकटी, मिसळून तो जड आणि स्वस्त करता येतो. असा फोम वजनकाट्यावर पास होतो, पण दाबून सोडल्यावर आळसाने वर येतो, आणि उघड्या कडेला बोटे घासली तर बऱ्याचदा पिठासारखे काहीतरी हाताला लागते. रिबाँडेड फोमची गोष्ट याहून निराळी आहे. कापलेल्या फोमचे तुकडे चिकटवून, दाबून तो बनवतात. त्याची घनता ऐंशी-शंभराच्या घरात असते आणि तो मुळातच कडक असतो. खालच्या थराला तो चालतो, पण त्याची ‘शंभर डेन्सिटी’ आणि नव्या फोमची ‘चाळीस डेन्सिटी’ यांची तुलना करणे चूक आहे. वजनाचा ताळा त्यामुळे निरर्थक होत नाही. हलकी गादी हलक्या फोमची आहे एवढे तो निश्चित सांगतो. जड गादी चांगलीच असेल, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. घरगुती गाद्यांच्या पॉलियुरेथेन फोमसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस ७९३३ हे मानक आहे. गादी त्याप्रमाणे आहे का, हा प्रश्न ग्राहकाने विचारायला संकोचू नये.

आता पाठीचा प्रश्न. ‘पाठ दुखते? मग कडक गादी घ्या, नाहीतर सरळ फळीवर झोपा,’ हा सल्ला आपल्याकडे इतका रुळला आहे की त्याला पुरावा मागावा असे कोणाला वाटत नाही. पुरावा मात्र त्याच्या विरुद्ध बाजूला आहे. स्पेनमधल्या संशोधकांनी कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर केलेली चाचणी २००३ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. जुनी दुखणी असलेल्या, पण ठळक कारण न सापडलेल्या या रुग्णांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गादी, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, वाटून देण्यात आली. कोणाला कोणती मिळाली ते रुग्णांना सांगितले नव्हते. नव्वद दिवसांनी मध्यम गादीवर झोपणाऱ्यांचे अंथरुणातले आणि उठतानाचे दुखणे कडक गादीवाल्यांपेक्षा जास्त कमी झालेले दिसले, आणि त्यांचे दैनंदिन व्यवहारही अधिक सुधारले होते. या चाचणीवरून कोणत्या कंपनीचा फोम घ्यावा हे कळत नाही, आणि मणक्याचा ठराविक आजार असलेल्याने तिचा आधार घेऊन डॉक्टरांचा सल्ला डावलू नये. पण ‘जितकी कडक तितकी पाठीला चांगली’ हे वाक्य तिच्यापुढे टिकत नाही.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे, आजी-आजोबा चटईवर झोपत आणि त्यांची पाठ कधी दुखली नाही. त्यांची पाठ दुखली नाही याची नोंद कुठे झालेली नाही. दुखणे सोसायचे आणि त्याची वाच्यता करायची नाही, ही त्या पिढीची रीत होती. शिवाय जमिनीवर बसणारे, उकिडवे बसून कामे करणारे, सडपातळ शरीर कडक पृष्ठभागावर जसे सामावते, तसे दिवसभर खुर्चीत बसणारे, वजन वाढलेले शरीर सामावत नाही. ज्याला चटईवर शांत झोप लागते त्याने ती सोडावी असे कोणी म्हणत नाही. तिला औषध मानून दुसऱ्याच्या माथी मारू नये, इतकेच.

कडक गादी अनेकांना का सोसत नाही, याचे उत्तर कुशीत आहे. डेन्मार्कमध्ये ६६४ प्रौढांच्या झोपेतल्या हालचाली उपकरणांनी नोंदवून केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अंथरुणातला निम्म्याहून अधिक वेळ कुशीवर गेलेला दिसला. कुशीवर झोपलेल्या माणसाचे वजन मुख्यतः खांदा आणि कमरेचे हाड या दोन ठिकाणी येते. तिथे गादी दबलीच नाही, तर खांदा अवघडतो, हात बधिर होतो आणि कंबर मध्येच लोंबकळत राहते. फार दबली तर कंबर खाली जाते आणि कणा धनुष्यासारखा वाकतो. म्हणून कुशीवर झोपणाऱ्याला वरचा इंच-दोन इंच मऊ आणि खालचा भाग घट्ट अशी गादी मानवते. उताणे झोपणाऱ्याला मध्यम कडक गादी पुरते. तिची परीक्षा सोपी आहे: कमरेखालून हात सहज आरपार जात असेल तर गादी जास्त कडक, आणि मुळीच शिरत नसेल तर शरीर जास्त रुतले आहे. पालथे झोपणाऱ्यांना मात्र खरोखरच कडक गादी लागते, कारण मऊ गादीत पोट रुतून कंबर मागे वाकते. कुशीवर झोपल्यावर पाठीमागून दुसऱ्या कोणी पाहिले आणि मानेपासून माकडहाडापर्यंतची रेघ सरळ दिसली, तर गादी जमली. त्यासाठी दुकानात दहा-पंधरा मिनिटे, आपल्या नेहमीच्या पद्धतीने, आपल्या नेहमीच्या जाडीच्या उशीसह आडवे व्हावे. लाजण्याचे कारण नाही.

यातच वजनाचा भाग येतो, आणि ‘सगळ्यांसाठी एकच उत्तम गादी’ ही जाहिरात इथे कोलमडते. ४५ किलोच्या मुलीला जी गादी फळीसारखी लागते, तीच ९५ किलोच्या गृहस्थाला मऊ वाटते. फोम तोच, दाब वेगळा. साठ किलोच्या आतल्या माणसाला ३२ घनतेची, चार-पाच इंची, मऊसर गादी चांगली चालते आणि तिच्यावर जास्त पैसे घालण्याची गरज नसते. साठ ते पंच्याऐंशी किलोंसाठी ३२ ते ४० घनता आणि सहा इंच जाडी धरावी. त्याहून वजनदार माणसाने काटकसर जाडीवर किंवा खोळीवर करावी, घनतेवर करू नये. त्याच्यासाठी ४० किंवा त्यापुढचा एचआर फोमच शेवटी स्वस्त पडतो. दहा इंची गादी सहा इंचीपेक्षा आपोआप चांगली असते, हाही समज इथेच सोडावा. हलक्या फोमचे दहा इंच म्हणजे हलका फोमच, फक्त जास्त. तान्ह्या बाळासाठी मात्र वजन, कूस काहीही न बघता सपाट आणि घट्ट गादीच हवी; मऊ फोममध्ये बाळाचे नाक-तोंड रुतण्याचा धोका असतो.

‘ऑर्थोपेडिक’ आणि ‘मेमरी फोम’ या दोन शब्दांवर ग्राहक सर्वाधिक जादा पैसे मोजतो. पहिला शब्द विक्रीचा आहे. तो लावल्याने गादीला वैद्यकीय दर्जा मिळत नाही, आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ फक्त ‘कडक’ एवढाच असतो. मेमरी फोमला खरा इतिहास आहे. १९६६ मध्ये चार्ल्स योस्ट यांनी नासाच्या कामातून, विमानांच्या आसनांसाठी तो विकसित केला. तो उष्णतेने मऊ पडतो, शरीराचा आकार घेतो आणि सावकाश पूर्ववत होतो. खांदा दुखणाऱ्याला, किंवा शेजारच्याच्या कुशी बदलण्याने जाग येणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. पण अंग त्यात रुतत असल्यामुळे वारा कमी खेळतो आणि नागपूर-जळगावच्या उन्हाळ्यात ते नकोसे होते. कडाक्याच्या थंडीत तोच फोम ताठरतो. वरचा ‘कूलिंग जेल’ पहिला थंडावा देतो, पण शरीराइतका तापला की त्याचे काम संपते. शिवाय ‘मेमरी फोम मॅट्रेस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सहा इंची गादीत खरा मेमरी फोम अनेकदा एक-दोन इंचच असतो. ते गैर नाही, तेवढा पुरतोही. पण उरलेले चार-पाच इंच कसले आहेत, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. खोक्यात गुंडाळून येणारी गादी हलक्या प्रतीची असते, हा उलटा समजही चुकीचा आहे. चांगला फोम हवा काढून गुंडाळला तरी एक-दोन दिवसांत पूर्ण फुलतो.

देखभालीत कापसाच्या गादीचे नियम फोमला लावणे ही आपल्याकडची सर्रास चूक. कापसाची गादी उन्हात टाकली की कापूस मोकळा होतो, पिंजून घेतली की ती नवी होते. फोम कडक उन्हात पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि त्याचे तुकडे पडू लागतात. त्याला सावलीतला वारा द्यावा. बसलेला फोम कोणताही कारागीर पुन्हा उठवू शकत नाही. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात गादी थेट फरशीवर टाकली, की घामाची वाफ आणि जमिनीची ओल खालच्या बाजूला साचते आणि बुरशी धरते. पेटीपलंगाच्या सलग प्लायवर ती ठेवत असाल, तर आठवड्यातून एकदा उभी करावी. पट्ट्यांचा पलंग असेल तर दोन पट्ट्यांमधली फट तीन इंचांहून जास्त नसावी, आणि सैल नवारीच्या खाटेवर कितीही महाग फोम टाकला तरी तो खाटेचाच खड्डा घेणार.

पती-पत्नींच्या वजनात किंवा सवयीत मोठा फरक असेल, तर मधला तोडगा म्हणून घेतलेली एक दुहेरी गादी दोघांनाही पुरती मानवत नाही. ७२ इंच रुंद पलंगावर ३६ इंचांच्या दोन वेगवेगळ्या एकेरी गाद्या शेजारी ठेवून वर एकच चादर घालता येते. मधली फट जाणवते हा तोटा आहे, पण एकाची गादी बसली तर तेवढीच बदलावी लागते. वॉरंटीचा कागद वाचताना वर्षांचा आकडा शेवटी पाहावा. आधी पाहायचे ते खड्डा किती खोल पडल्यावर कंपनी तो दोष मानते, कसला पलंग असावा अशी अट आहे आणि डाग पडल्यास हक्क जातो का. अनेक ठिकाणी एक इंच किंवा त्याहून खोल खळगाच धरला जातो, आणि नुसती मऊ पडलेली गादी त्यात येत नाही. घरी वापरून परत करण्याची मुदत मिळत असेल, तर ती पूर्ण वापरावी. नव्या गादीची सवय व्हायला शरीराला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे पहिल्या रात्रीवरून गादी परतही करू नये आणि खोकेही टाकून देऊ नये.