खोपोलीच्या सहलीत खोली घेताना

दोन दिवस दुकान बंद ठेवायचे तर व्यापारी दहा वेळा विचार करतो. पण एकदा मुलांना सहलीचा शब्द दिला की हिशेबाची वही बाजूलाच राहते. गिऱ्हाइकाशी दोन रुपयांसाठी तासभर बोलणारा माणूस हॉटेलच्या काउंटरवर मात्र सांगतील तो भाव देऊन मोकळा होतो.

मुंबईकरांचे जुने एस्सेलवर्ल्ड २०२२ साली बंद झाले. त्यामुळे आता बहुतेकांची गाडी खोपोलीच्या इमॅजिकाकडे वळते. खोपोली-पाली रस्त्यावरचे हे थीम पार्क २०१३ साली सुरू झाले, दुसऱ्या वर्षी वॉटर पार्क आले आणि २०१५ साली पार्कला लागूनच हॉटेलही झाले. मुक्कामासाठी तीन वाटा आहेत: पार्कजवळचे हॉटेल, खोपोली परिसरातले साधे लॉज किंवा घाट चढून लोणावळा. घरात लहान मूल किंवा म्हातारी माणसे असतील तर पार्कजवळचेच बरे. दुपारी मूल पेंगले, अब्बांचे गुडघे दुखू लागले, की खोली पाच मिनिटांवर हवी. लोणावळ्यात निवड भरपूर आहे, पण पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तिथे गाड्यांच्या रांगा लागतात आणि सकाळचे दोन तास रस्त्यातच जातात. तिकीट मात्र पूर्ण दिवसाचे मोजलेले असते!

आता खरा मुद्दा कराचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे. भाडे त्याच्या वर गेले की १८ टक्के, आणि तोही संपूर्ण भाड्यावर. म्हणजे ७,४०० ची खोली करासह ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. भाड्यात फरक दोनशेचा, बिलात जवळजवळ बाराशेचा. हॉटेलवाल्याशी शंभर-दोनशेची घासाघीस कुठे करायची, हे यावरून ध्यानात यावे.

समजा, नवरा-बायको, तीन मुले आणि अम्मी-अब्बा असे सात जणांचे कुटुंब आहे. हॉटेलवाला १२,००० चा मोठा सूट दाखवील. त्यावर कर २,१६० रुपये, एकूण १४,१६०. त्याऐवजी सहा-सहा हजारांच्या दोन खोल्या घेतल्या तर कर प्रत्येक खोलीचा वेगळा धरतात आणि बिल १२,६०० होते. शिवाय दोन न्हाणीघरे मिळतात, आणि अम्मी-अब्बांना फजरला उठताना मुलांची झोपमोड होण्याची काळजी नाही. शक्यतो आतून दार असलेल्या जोडखोल्या मागाव्यात, आणि त्या मिळणार असे लेखी घ्यावे. तोंडी आश्वासन काउंटरवर कुणालाच आठवत नाही.

काही बांधव विचारतात, दुकानाच्या नंबरावर बिल घेतले तर? घरच्या सहलीवर भरलेला कर धंद्याच्या हिशेबात वळता करून घेता येत नाही. तो नाद करू नये, नोटीस आली की सहलीपेक्षा महाग पडते.

जेवणाचेही पाहावे. ज्या हॉटेलात आदल्या आर्थिक वर्षात एखादी तरी खोली ७,५०० च्या वर दिली गेली असेल, तिथल्या उपाहारगृहात १८ टक्के कर लागतो. बाहेरच्या साध्या हॉटेलात ५ टक्के. न्याहारी भाड्यात धरली आहे का, किती माणसांची, जादा गादीवर झोपणाऱ्या मुलाची धरली आहे का, हे आधी विचारावे. मटण-कोंबडी हलाल आहे का हे विचारायला संकोच कसला? पैसे आपलेच आहेत. खात्रीचे उत्तर मिळाले नाही तर शाकाहारी जेवावे किंवा पहिल्या रात्रीचा डबा घरून न्यावा.

आणि ईदच्या सुट्टीचा बेत असेल तर आगाऊ रक्कम देण्याआधी एकच प्रश्न विचारावा: चंद्र एक दिवस उशिरा दिसला तर तारीख बदलून मिळेल का? तारीख बदलत नसेल तर ती खोली दोनशे रुपयांनी स्वस्त असली तरी घेऊ नये.