कूलरची तिसरी पिन

मार्च सरत आला की सोलापुरात माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. पारा चाळिशी ओलांडल्यावर त्यांच्याशिवाय दुपार निघत नाही. पत्र्याची बॉडी, तळाशी पाणी, त्यात बुडालेला पंप आणि वर्षभर पडून तडकलेली थ्री-पिन. ही थ्री-पिन बदलायला सहसा कोणी वायरमनला बोलावत नाही, आणि तिथेच ऐकीव समजुती जिवावर बेततात.

सर्वांत घातक समजूत अशी की वरच्या जाड पिनेचं काही काम नसतं. दोन वायरी जोडल्या की पंखा फिरतो. पंखा फिरतो, हे खरंच. पण आत फेजची वायर सोलवटून पत्र्याला टेकली, तर सगळी बॉडी 230 व्होल्टवर येते आणि पाणी भरणाऱ्याचा ओला हात नेमका तिथेच लागतो. अर्थिंग चांगलं असेल तर हा प्रवाह त्या वाटेने जमिनीत जातो. म्हणूनच अर्थची ती जाड पिन इतर दोघींपेक्षा लांब असते: बोर्डात शिरताना आधी टेकते, निघताना शेवटी सुटते. अर्थात बोर्डाच्या वरच्या भोकामागे अर्थची वायरच नसेल, तर नवी थ्री-पिनही व्यर्थ. जुन्या घरात हे आधी तपासून घ्यायलाच हवं.

मग मोबाइल चार्जरला दोनच पिना कशा? त्याचं आवरण प्लास्टिकचं आणि इन्सुलेशन दुहेरी. चौकोनात चौकोन ही त्याची खूण. पत्र्याच्या कूलरला ही सवलत नाही.

"एमसीबी आहे, शॉक बसणार नाही," हाही भ्रमच. 16 अँपिअरची एमसीबी वायरिंग जळू नये म्हणून असते. माणूस अँपिअरच्या दहाव्या हिश्श्यानेही दगावू शकतो, आणि एवढ्याशा प्रवाहाने ती पडत नाही. माणसासाठी गळती होताच वीज तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते.

जोडणी करताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, थ्री-पिन बोर्डातून काढूनच हात लावावा. तपकिरी वायर फेजची, निळी न्यूट्रलची, हिरवी-पिवळी अर्थची. जुन्या वायरीत लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. काळीला अर्थ समजणारे अजून भेटतात. हिरवी आतून थोडी लांब ठेवावी, म्हणजे हिसका बसला तरी ती शेवटी तुटेल. तारा घट्ट पिळून स्क्रूखाली द्याव्यात, टोकांना सोल्डर लावू नये: दाबाखाली ते हळूहळू पसरतं, स्क्रू सैल होतो आणि सैल जोड तापतो. वायरीचं बाहेरचं जाड आवरण पट्टीखाली आवळलेलं हवं. तडकलेल्या थ्री-पिनेला चिकटपट्टी गुंडाळणं म्हणजे धोका झाकणं. उन्हाळ्यात तिचा गोंदही सुटतो. नवी घेताना आयएसआय खूण आणि आयएस 1293 हा क्रमांक पाहावा.

जुनी थ्री-पिन वायरीच्या तुकड्यासकट फेकली तर ती निरुपद्रवी, असंही वाटतं. एखाद्या मुलाने ती उचलून बोर्डात खुपसली, तर उघड्या तारांवर थेट 230 व्होल्ट येतात. म्हणून वायर मुळाशी कापावी आणि पिना वाकवून मगच ती टाकावी. पिनांचं पितळ भंगारात पुन्हा वापरलं जातं, बेकलाइटचं आवरण मात्र पुन्हा वितळत नाही. तांब्यासाठी वायर जाळणाऱ्याच्या हाती ती देऊ नये: पीव्हीसीच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असतो, डायॉक्सिनही तयार होतात. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा माल नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रातच जायला हवा.