तिकिटांच्या पैशांतून घडलेले संशोधक

रुदरफोर्डचा सोन्याच्या वर्खाचा प्रयोग आपण सारेच वर्गात शिकवतो. वर्खावर अल्फा कणांचा मारा, त्यांतल्या काही थोड्या कणांचे उलट फिरणे, त्यावरून १९११ साली मांडली गेलेली अणुकेंद्रकाची कल्पना, हे सारे आपण फळ्यावर आकृती काढून समजावतो. अशा वेळी एखाद्या चौकस विद्यार्थ्याने विचारले, "सर, हा न्यूझीलंडच्या खेड्यातला मुलगा इंग्लंडला गेला कसा? तिथे त्याचा खर्च कोणी केला?" तर आपण काय सांगणार?

प्रश्न अवांतर वाटेल, पण तो तसा नाही. संशोधन बुद्धीने होते हे खरे. मात्र पदवीनंतरची चारपाच वर्षे संशोधकाच्या हाती पगार नसतो आणि पोट तर रोजचेच असते. नेमक्या याच वळणावर अनेक हुशार मुले संशोधनाची वाट सोडतात. ती सोडावी लागू नये म्हणून काही विश्वस्त संस्था काम करतात. त्यांतल्या एका जुन्या संस्थेची ही गोष्ट.

प्रदर्शनाची शिल्लक

१ मे १८५१ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये लोखंड आणि काचेच्या भव्य इमारतीत एक जागतिक प्रदर्शन भरले. यंत्रे, कापड, हत्यारे, उपकरणे असे नाना देशांचे सामान तेथे मांडले होते. आपला कोहिनूरही तेथे होता आणि तो पाहायला झुंबड उडे. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सुमारे ६० लाख वेळा लोक तिकीट काढून आत गेले. सारा खर्च भागवून सुमारे १,८६,००० पौंड शिल्लक उरले.

प्रदर्शन संपल्यावर ही रक्कम वाटून टाकता आली असती. पण राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने तसे केले नाही. त्यांनी या पैशांतून आणि सरकारच्या मदतीने दक्षिण केन्सिंग्टन भागात ऐंशी एकरांहून अधिक जमीन घेतली. पुढे त्या जागेवर संग्रहालये आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या संस्था उभ्या राहिल्या. जमिनीचे उत्पन्न येऊ लागले तेव्हा लायन प्लेफेअर या रसायनशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने १८९१ साली आयोगाने विज्ञान संशोधनासाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. त्या ब्रिटनमधल्या आणि वसाहतींतल्या विद्यापीठांच्या पदवीधरांसाठी होत्या.

दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार

१८९४ साली न्यूझीलंडच्या वाट्याला एक शिष्यवृत्ती होती आणि उमेदवार दोन होते. या शिष्यवृत्तीसाठी केवळ परीक्षेतले गुण चालत नसत. स्वतंत्र संशोधन करण्याची पात्रता दाखवावी लागे. रुदरफोर्डने जलद बदलणाऱ्या विद्युतप्रवाहाने लोखंडाचे चुंबकन कसे होते यावर काम केले होते. मॅक्लॉरिन या दुसऱ्या उमेदवाराने सायनाइडच्या साहाय्याने सोने विरघळवण्याच्या क्रियेचा अभ्यास केला होता. निवड मॅक्लॉरिनची झाली.

रुदरफोर्डने शाळेत कायम शिक्षकाची नोकरी मिळवण्यासाठीही प्रयत्न केले होते आणि त्यांतही त्याला अपयश आले होते. आपल्याच पेशाने नाकारलेला हा तरुण आता येथेही मागे पडला. पण शिष्यवृत्तीची रक्कम वर्षाला १५० पौंड, म्हणजे एकट्या माणसाचा जेमतेम निर्वाह होईल इतकीच होती. मॅक्लॉरिनने संसार आणि नोकरी यांचा विचार करून नकार कळवला आणि शिष्यवृत्ती रुदरफोर्डला मिळाली. त्याचाही वाङ्निश्चय झाला होता, पण लग्नासाठी त्याला १९०० सालापर्यंत थांबावे लागले. रक्कम थोडी अधिक असती तर? विज्ञानाचा इतिहास अशा क्षुल्लक वाटणाऱ्या आकड्यांवरही वळतो.

पैसा विषयाला की माणसाला?

१८९५ च्या शरदात रुदरफोर्ड केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन यांच्याकडे दाखल झाला. सोबत त्याने विद्युतचुंबकीय लहरी ओळखणारे स्वतःचे उपकरण आणले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस राँटगेनने क्ष-किरण शोधले. थॉमसन यांनी त्याला क्ष-किरणांमुळे वायूंचे आयनीभवन कसे होते ते पाहण्याच्या कामात ओढले. हाताशी असलेला विषय बाजूला ठेवून तो नव्या वाटेने गेला आणि तेथून किरणोत्सर्गाकडे, पुढे अणुकेंद्रकाकडे पोचला.

ही शिष्यवृत्ती ठरावीक यंत्र बनवण्यासाठी असती तर रुदरफोर्डला वाट बदलणे कठीण गेले असते. ती माणसाला दिलेली होती, म्हणूनच त्याला विषय बदलता आला. पुढे न्यूट्रॉन शोधणारा चॅडविक याच शिष्यवृत्तीवर १९१३ साली बर्लिनला गायगर यांच्याकडे गेला.

मुद्दल न संपण्याचे गणित

अशा निधीला आपण अक्षय निधी म्हणतो. तो अक्षय राहतो कसा, याचे गणित वर्गातही करून घेता येईल. समजा, निधी १,००,००० रुपये आहे, वर्षाचे उत्पन्न ८ टक्के आणि महागाई ५ टक्के. सारे ८,००० रुपये शिष्यवृत्तीत वाटले तर कागदावर मुद्दल तेवढेच दिसेल, पण सुमारे १४ वर्षांत त्याची खरेदीशक्ती निम्मी होईल. म्हणून ५,००० रुपये मुद्दलात परत घालून ३,००० रुपयेच वाटायचे. असा संयम पाळला तर निधी पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. १८५१ चा हा आयोग आजही विज्ञान आणि अभियांत्रिकीतल्या तरुण संशोधकांना पाठ्यवृत्ती देतो. उद्योगात राहून डॉक्टरेट करणाऱ्या अभियंत्यांनाही तो मदत करतो.

आपल्याकडचा धागा

होमी भाभा केंब्रिजमध्ये असताना १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनाही याच आयोगाची वरिष्ठ शिष्यवृत्ती मिळाली होती. १९३९ साली सुटीसाठी भारतात आलेले भाभा महायुद्धामुळे येथेच राहिले. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला मूलभूत संशोधनाच्या संस्थेसाठी पत्र लिहिले आणि १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. एका विश्वस्त निधीचा लाभ घेतलेल्या माणसाने दुसऱ्या विश्वस्त निधीला संस्था उभारण्यास सांगितले, असा हा धागा आहे.

लंडनच्या शिष्यवृत्तीनंतर एकाच वर्षाने, १८९२ साली, जमशेटजी टाटांनी मुंबईत उच्च शिक्षणासाठी निधी स्थापन केला होता. तेथे शिष्यवृत्ती कर्जाऊ मिळते; फेडलेली रक्कम पुढच्या विद्यार्थ्याच्या कामी येते. पहिल्या दोन लाभार्थींत डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या आणि पुढे याच निधीच्या साहाय्याने जयंत नारळीकर केंब्रिजला गेले.

आपल्या वर्गात मूळचे कुतूहल असलेली मुले असतात. "शिकून पुढे काय? घरी पैसे लागतील," हे वाक्य ती फार लवकर शिकतात. संशोधनाच्या वर्षांतही निर्वाहाची सोय असते, हे त्यांना बहुधा कोणी सांगतच नाही. राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा उत्तीर्ण होऊन मिळणारी कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाली, एवढी माहितीही एखाद्या घरातला निर्णय बदलू शकेल.

तेव्हा पुढच्या वेळी वर्खाचा प्रयोग शिकवताना ही गोष्टही पाच मिनिटे जरूर सांगू या. रुदरफोर्डचा खर्च कोणी केला? प्रदर्शन पाहायला आलेल्या लाखो अनोळखी माणसांच्या तिकिटांनी.