तबकडीची नक्कल

नंदुरबारपासून धडगांवपर्यंत आपल्या जिल्ह्यांतील पुष्कळ घरांच्या कपाटांत चकाकणाऱ्या तबकड्या अजून जपून ठेवलेल्या आढळतात. एखादींत थोरल्या ताईचें लग्न असतें, एखादींत काठीच्या होळीचे ढोल, तर एखादींत आतां हयात नसलेल्या आजीनें गाइलेलीं गाणीं. परंतु संगणकावर भरलेल्या तबकडींत रंगद्रव्याचा एक थर असतो व ऊन आणि उष्णता यांनीं तो हळूहळू बिघडतो. शिवाय नव्या संगणकांत तबकडी वाचण्याची सोय बहुधा नसते. म्हणून वेळींच नक्कल करून ठेवणें अवश्य आहे. मात्र नकलेचे प्रकार न समजतां केलेली नक्कल कित्येकदां व्यर्थ जाते.

संपूर्ण तबकडी संगणकांत फाईलरूपानें उतरवून घेतात, तिला तबकडीची प्रतिमा म्हणतात. हिचे प्रकार समजण्यासाठीं आधीं तबकडीची रचना पाहूं. ग्रामोफोनच्या तबकडीवरील रेघ बाहेरून आंत जाते. १९८२ सालीं विक्रीस आलेल्या सी.डी.वरील रेघ आंतून बाहेर येते. गाण्याच्या प्रत्येक सेकंदाचे ७५ खंड असून एका खंडांत २३५२ बाईट मावतात. याचा ताळा सोपा आहे. ध्वनीचें माप सेकंदास ४४,१०० वेळां घेतात. डावा व उजवा मिळून दोन आवाज आणि प्रत्येक मापास दोन बाईट, म्हणजे एकूण १,७६,४०० झाले. त्यांस ७५ नीं भागावें, म्हणजे २३५२ येतात.

गाण्याच्या तबकडींत हे सारे बाईट ध्वनीकडेच खर्ची पडतात. मजकुराच्या तबकडींत मात्र २०४८ बाईटच मजकुराचे असतात. उरलेले ३०४ खंडाची जागा सांगण्यास आणि चूक ओळखून सुधारण्यास राखलेले असतात. गाण्यांत एखादें माप किंचित् चुकलें तर कानाला कळत नाहीं. हिशेबांत एक आंकडा चुकला तर सारा हिशेब बिघडतो.

आतां प्रतिमांचे प्रकार पाहूं. पहिला आय.एस.ओ. हें नांव १९८८ च्या ९६६० क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय मानकावरून पडलें. यांत प्रत्येक खंडाचे २०४८ बाईटच घेतात. गाळलेला भाग पुन्हां गणितानें काढतां येत असल्यामुळें मजकुराच्या तबकडीचें यांत कांहींच नुकसान होत नाहीं. डी.व्ही.डी.लाही हाच प्रकार योग्य. हा जवळजवळ प्रत्येक संगणकास वाचतां येतो, हा याचा मोठा गुण.

परंतु लग्नाची तबकडी पुष्कळदां व्ही.सी.डी. असते, आणि फसगत होते ती येथेंच. १९९३ सालीं निघालेल्या या प्रकारांत चित्राच्या एका खंडांत २३२४ बाईट चित्राचेच असतात. त्यांतील २०४८ घेतले तर २७६ गेले! कित्येकदां तर पहिला मजकुराचा भाग तेवढा उतरतो. फायलींचीं नांवें दिसतात, पण लग्न दिसत नाहीं. गाण्याच्या तबकडीचीही आय.एस.ओ. प्रतिमा होऊं शकत नाहीं.

अशा ठिकाणीं ‘बिन’ व ‘क्यू’ ही जोडी कामास येते. ‘बिन’ फायलींत खंडाचे सर्व २३५२ बाईट येतात. ‘क्यू’ ही लहानशी मजकुराची फाईल असून कोणता भाग कोठें सुरू होतो, हें ती मिनिट, सेकंद व खंड यांनीं सांगते. ‘क्यू’ हरवली तर अनुक्रमणिका फाटलेल्या पुस्तकासारखी गत होते. म्हणून दोन्ही एकत्र ठेवाव्या.

याखेरीज नीरो या प्रणालीची ‘एन.आर.जी.’, अल्कोहोल या प्रणालीची ‘एम.डी.एफ.’ व ‘एम.डी.एस.’ ही जोडी, आणि क्लोनसीडीच्या ‘सी.सी.डी.’, ‘आय.एम.जी.’ व ‘सब’ या तीन फायली प्रसिद्ध आहेत. यांत तबकडीवरील बारीक खुणाही राखतां येतात. पण एकेका कंपनीच्या पद्धतीशीं त्या बांधलेल्या असल्यानें दीर्घ काळ जपण्यास तितक्या सोयीच्या नाहींत. फाईलीच्या नांवाचें शेपूट बदललें म्हणजे प्रकार बदलला, असें मात्र कोणीं समजूं नये. बरणीवरील चिठ्ठी बदलल्यानें आंतील लोणचें बदलत नाहीं.

सारांश, मजकूर व डी.व्ही.डी. यांस आय.एस.ओ.; गाणीं, व्ही.सी.डी. व मिश्र तबकड्या यांस बिन-क्यू. नक्कल झाल्यावर ती आरंभापासून अखेरपर्यंत चालवून पाहावी, दोन प्रती निरनिराळ्या जागीं ठेवाव्या, आणि मूळ तबकडी फेंकूं नये. बाजारांतील चित्रपट पुन्हां विकत मिळेल. पण आजीनें पावरी किंवा मावची बोलींत गाइलेलें गाणें कोणत्याही दुकानांत मिळणार नाहीं. येत्या सुटींत घरांतील वडील मंडळींना विचारून एक तरी तबकडी जरूर उतरवून घ्या.