पिकअप उंच करताय? आधी पाटे मोजा!

पुण्याच्या शनिवार पेठेत पहाटे ओंकारेश्वराच्या अंगाने चक्कर मारलीत, तर दूध, पालेभाजी किंवा तांदळाचे कट्टे घेऊन आलेली एखादी पिकअप उभी दिसते. चाकांना गावाकडचा चिखल आणि समोर पेठेतली अरुंद गल्ली. परवा अशाच एका मुळशीकर गाडीमालकाने मला थांबवून विचारले, "काका, गाडी तीन इंच वर घ्यायचीय. गॅरेजवाला म्हणतो ठोकळे टाकतो, दोन तासांचं काम. टाकू का?"

मी म्हटले, "टाक, पण आधी गाडीखाली वाक. खालून कुठं घासलंय ते बघू."

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. पाणंदीत ट्रॅक्टरच्या चाकांनी खोल चाकोरी पडते, मधला वरंबा तसाच राहतो, आणि आपली पिकअप त्यावर पोट घासत जाते. मग गाडी उंच करायचे मनात येते. विचार चुकीचा नाही. पण आपली गाडी रोजची आहे, हौसेची नाही. निम्मा दिवस ती शेतात असते, निम्मा दिवस शहरात. तेव्हा उंची किती वाढवावी आणि कशी वाढवावी, हे नीट पाहूनच ठरविले पाहिजे.

गाडीखाली वाकून पाहिले, की घासल्याची खूण सापडतेच. तिथे माती खरवडलेली असते, लोखंड चकाकत असते. ही खूण मागच्या आसाच्या मध्यावर, डिफरन्शियलच्या गोळ्यावर असेल, तर पाटे उंच करून एक सूतही फायदा होणार नाही. अखंड आसाच्या गाडीत हा गोळा आसाबरोबर चाकांना जोडलेला असतो. ठोकळे टाका, नाहीतर पाटे वाढवा, वर जातो तो चासीचा सांगाडा आणि हौदा. गोळा जमिनीपासून होता तेवढाच राहतो. तो वर घ्यायचा तर टायरच मोठे हवेत, आणि तेही अर्धा इंच गोळा उचलायला पुरा एक इंच मोठे. खूण सायलेन्सरवर, टाकीवर, मागे लटकवलेल्या स्टेपनीवर किंवा चासीवर असेल, तरच उंची वाढविण्याचा उपयोग. स्टेपनीच घासत असेल तर तिची जागा बदलून पाहा. ते काम जवळजवळ फुकटात होते.

आमच्या मुळशीकराच्या गाडीत खूण होती स्टेपनीवर आणि सायलेन्सरच्या पट्टीवर. गोळा कोरा होता. मग दुसरी गोष्ट पाहिली, ती म्हणजे पाटे. सपाट जागेवर गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंना टेपने मोजले. मागची डावी बाजू उजवीपेक्षा जवळपास पाऊण इंच खाली निघाली, आणि रिकाम्या गाडीचे मागचे पाटे अगदी पट्टीसारखे सरळ. गाडी सात वर्षांची. ऊस, खताची पोती, विटा, वाळू, जे मिळेल ते तिने ओढलेले. म्हणजे या गाडीला जास्तीची उंची नको होती, तिची हरवलेली उंची परत हवी होती.

माझ्या पाहण्यात गाडी उंच करायला निघालेल्या बहुतेकांची गोष्ट हीच असते. कंपनीने दिलेली उंची ओझ्याने खाल्लेली असते. मूळ मापाचे नवे पाटे घातले, बुश आणि शॅकल बदलले, की एक ते दीड इंच गाडी आपोआप वर येते. जुन्याच पाट्यांना पुन्हा बाक देऊन घेता येतो, पण त्यात पारख लागते. नुसते तापवून हातोड्याने वाकविलेल्या पाट्याला नीट पाणी दिलेले नसेल, तर तो मऊ पडून महिन्याभरात पुन्हा बसतो, किंवा कडक होऊन घाटात मोडतो. मुख्य पाट्याला केसाएवढी चीर दिसली तरी तो बदला, बाक देत बसू नका.

एवढे करूनही उंची कमी पडत असेल, तर पुढचा विचार. माझे मत स्पष्ट आहे. रोजच्या गाडीला एक इंच पुष्कळ झाला, फार तर दीड, आणि दोन इंच ही लक्ष्मणरेषा. मागे एक जादा पाटा घातला तर गाडी उंचही होते आणि ओझ्याखाली कमीही दबते, पण रिकामी असताना टणाटण उडते. सकाळी माल देऊन रिकामे परतताना ओल्या रस्त्यावर मागची चाके हलकी पडतात, हे विसरू नका. टोमॅटो, द्राक्षे, अंडी असा नाजूक माल असेल तर कडक पाट्यांवर तो ठेचला जातो. आमच्या घरच्या गाडीला मी एकदा हौसेने दोन जादा पाटे आणि वर ठोकळे असे तीन इंच चढविले होते. पहिल्याच खेपेला अंड्यांचे ट्रे असे काही हादरले की घरी येऊन आम्लेटच करावे लागले! हसू येते, पण पंधरवड्याने स्टिअरिंग थरथरू लागले तेव्हा हसू आले नाही. सगळे काढून टाकले. गॅरेजवाल्याचा दोष काही नाही, हट्ट माझाच होता.

ठोकळे स्वस्त पडतात. आस आणि पाटे यांच्यामध्ये ते बसतात. टाकायचेच असतील तर फक्त मागे, एकाच तुकड्याचे, भरीव लोखंडाचे, आणि त्या मापाचे नवे लांब यू-बोल्ट घेऊनच. पुढच्या आसाला ठोकळा कदापि नको, कारण ब्रेक दाबला की तिथे सगळा जोर येतो. ठोकळ्यावर ठोकळा आणि लाकडाचा ठोकळा, हे दोन्ही जिवाशी खेळ आहेत. शॅकल, म्हणजे पाट्याच्या टोकाची झुलती पट्टी, लांब करून घेणारेही आहेत. तीत दोन इंच वाढविले तर गाडी साधारण एकच इंच उचलते. काही गाड्यांना पुढे पाट्यांऐवजी टॉर्शन बार असतो. त्याचा बोल्ट पिळला की गाडीचे नाक वर येते, पण चाकाला खाली जायची मोकळीक तेवढी कमी होते आणि खड्ड्यात गाडी आपटते.

आता जे बाहेरून दिसत नाही त्याकडे. काही पिकअपना मागच्या ब्रेकसाठी ओझे ओळखणारा व्हॉल्व्ह असतो. चासी आणि आस यांच्यातले अंतर कमी झाले की गाडी भरली आहे असे त्याला समजते आणि तो मागचा ब्रेक वाढवितो. तुम्ही चासी वर उचललीत, की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. ताम्हिणीच्या उतारावर टनभर माल मागे असताना हे काय करील, याचा विचार करा. म्हणून उंची बदलली की हा व्हॉल्व्ह पुन्हा लावून घेतलाच पाहिजे. ब्रेकचे रबरी नळ ताणले जात नाहीत ना, शॉकॲब्सॉर्बर पुरेसे लांब आहेत ना, प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडून क्रॉस आवाज करीत नाही ना, हेही पाहून घ्या. व्हील अलाइनमेंट करा. हेडलाइट खाली वळवा, नाहीतर समोरच्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत तुमचा झोत जाईल.

शिवाय हौद्याची उंची दोन इंच वाढली, म्हणजे पन्नास किलोचा प्रत्येक कट्टा आणि प्रत्येक क्रेट रोज दोन इंच जास्त उचलायचा. ती उचलणारी माणसे तुमच्याच घरची असतात. क्रेटची थप्पी उंच असेल तर घाटातल्या वळणावर गाडी जास्त कलते. आणि शनिवार पेठेच्या गल्लीत शिरलात की डोक्यावर केबलच्या तारा, कडेला दुचाकींची रांग. टायर मोठे केले असतील तर पूर्ण स्टिअरिंग कापताना ते मडगार्डला घासतात, आणि पेठेत पूर्ण कापल्याशिवाय वळण बसत नाही.

काहीजण पाण्यासाठी गाडी उंच करतात. त्यांना हात जोडून सांगणे आहे. पेठेला लागून नदीपात्रातला रस्ता आहे. खडकवासल्यातून पाणी सोडले की तो बंद होतो आणि जवळचा भिडे पूल पाण्याखाली जातो. २५ जुलै २०२४ ला मुठेत सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडले तेव्हा नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले होते. आपल्या गावच्या फरशी पुलावर पाणी वाहत असेल तर दोन इंचांनी काही होत नाही. दोन फूट वाहते पाणी पिकअपलाही तरंगवून नेते. तिथे थांबायचे.

कायद्याचेही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. मालाची गाडी पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी तपासणीला न्यावी लागते, तिथेही प्रश्न येतो. अपघात झाला तर विमा कंपनी याच बदलाकडे बोट दाखवू शकते. मूळ मापाचे नवे पाटे ही दुरुस्ती आहे, बदल नव्हे. त्यापलीकडे जायचे तर आधी आरटीओत लेखी विचारा.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनाही एक विनंती. मधला वरंबा काढून चाकोरीत मुरूम टाकला, तर गावातल्या पंधरा-वीस गाड्यांचा हा प्रश्न एकदम सुटतो. शेत-पाणंद रस्त्यांसाठी शासनाने २०२१ मध्ये मातोश्रींच्या नावाने योजना काढली होती. तुमच्या गावच्या पाणंदीचा प्रस्ताव तेव्हा गेला होता का, त्याचे पुढे काय झाले, ते दप्तर उघडून पाहा.

मुळशीकराने शेवटी ठोकळे घेतले नाहीत. मागचे पाटे मूळ मापाचे नवे घातले, बुश बदलले, स्टेपनी हौद्यात पुढे बांधली. गाडी मागे सव्वा इंच वर आली. मी त्याला एवढेच बजावले, की पाचशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा आवळून घे, आणि चारही चाकांची मापे डायरीत लिहून ठेव, रिकामी गाडी वेगळी, भरलेली वेगळी.